सात तास दहा मिनिटं

तीस वर्षं मी लोकांच्या दाराबाहेरच्या चपला मोजल्या. महापालिकेच्या करनिर्धारण विभागात निरीक्षक होतो मी. घरमालक सांगायचा, "आम्ही दोघंच राहतो हो," आणि दाराशी कॉलेजातल्या पोरांचे सहा जोड बूट. दोरीवरचे टॉवेल, दुधाच्या रिकाम्या पिशव्या, बेलशेजारी पेन्सिलीने लिहिलेलं दुसरंच आडनाव, माझ्या नजरेतून काही सुटत नसे. तोंडावर लोक मला खैरमोडे साहेब म्हणत. पाठीमागे काय म्हणत तेही मला ठाऊक होतं. कुणाच्या दारात जाऊन मी कधी हाक मारली नाही. हाक मारली की माणूस सावध होतो, हा माझा पहिला नियम.

निवृत्त होऊन तीन वर्षं झाली आणि एका सोमवारी सकाळी नोटीस माझ्याच घरी आली. म्हणजे माझ्या मोबाइलवर नाही, सुवर्णाच्या. एका हातात माझा चहा आणि दुसऱ्या हातात मोबाइल घेऊन ती हॉलमध्ये आली.

"हे बघा हो काय आलंय," ती म्हणाली. चहा ठेवला आणि आत गेली.

'मालक: सुवर्णा हेमंत खैरमोडे. गेल्या तिमाहीतले सरासरी वास्तव्य: रोज सात तास दहा मिनिटे. आवश्यक वास्तव्य: किमान बारा तास. साठ दिवसांत समाधानकारक खुलासा न आल्यास घरपट्टीची मर्यादा उठवण्यात येईल.'

मी दोनदा वाचलं. सुवर्णा रात्री साडेदहाला आडवी होते आणि पहाटे पाच चाळीसला उठते. हिशेब करायला पेन लागलं नाही. माझी बायको घरी फक्त झोपायला येत होती.

ही मर्यादा काय भानगड आहे ते आधी सांगायला हवं. गावाशेजारी विमानतळ झाला आणि जमिनींना सोन्याचा भाव आला. घरांच्या किमती ठरवायचं काम संगणकाकडे गेलं. परिसरात एक घर विकलं गेलं की त्या रात्रीत सगळ्या गल्लीची किंमत वर सरकायची आणि तिच्या मागोमाग घरपट्टी. समोरच्या चौगुल्यांच्या शेजारचा बंगला चार कोटींना गेला, तर मी भिंतीला साधा रंगही न देता श्रीमंत झालो. पेन्शनीत जगणारी माणसं घरं विकून गेली. मग मोर्चे निघाले आणि कायदा आला: मालक स्वतः राहत असेल त्या घराची करासाठीची किंमत वर्षाला तीन टक्क्यांहून जास्त वाढवायची नाही. घर विकलं, भाड्याने दिलं किंवा मालक तिथे राहीनासा झाला की मर्यादा उठली, आणि पट्टी बाजारभावाने. आमची पट्टी अकरा हजार आहे. मर्यादा उठली तर ती एक लाख तीस हजार होणार होती. म्हणजे घर विकावं लागणार, यात शंका नव्हती. बाकी सगळ्यात होती.

कायदा आला तशा पळवाटा आल्या. मालक दुबईत, घरात भाडेकरू, आणि कागदावर मालक इथेच राहतो. चपला मोजून किती पुरे पडणार? म्हणून हुंगणी आली. तिचं सरकारी नाव 'वास्तव्यमापक', पण तसं तिला कुणी म्हणत नाही. साबणाच्या डबीएवढी पेटी, भिंतीवर ट्यूबलाइटशेजारी बसवलेली. माणसाच्या कातडीचे सूक्ष्म कण दिवसभर झडत असतात, लाखोंनी. घरातल्या धुळीत बरीचशी आपणच असतो म्हणा ना. हुंगणी हवा ओढून ते कण गाळणीवर धरते आणि त्यांतल्या डीएनएवरून माणूस ओळखते. तो कण आजचा की मागच्या महिन्याचा, हेही तिला कळतं, कारण उजेडाने आणि दमटपणाने डीएनएचे धागे तुटत जातात. लांब धागा म्हणजे माणूस आत्ता इथे होता. तुकडे तुकडे झालेले असले म्हणजे पूर्वी कधीतरी. तासातासाची नोंद होते. दहा मिनिटांहून कमी थांबलेला माणूस ती धरत नाही, नाहीतर पेपर टाकणाराही रहिवासी ठरायचा. ही पेटी घरात कुठे बसवायची, याची नियमावली करणाऱ्या समितीवर मी होतो. तेव्हा ती चुकते असं मला कुणी सांगू नये.

राहता राहिलं, घर सुवर्णाच्या नावावर का? बावीस वर्षांपूर्वी घेतलं तेव्हा बाईच्या नावावर मुद्रांक शुल्क एक टक्का कमी पडायचं. एवढंच कारण. बाकी घर माझंच.

त्या दिवशी जेवताना मी विचारलं, "तू दुपारी कुठे असतेस?"

"कुठे असणार? घरातच." तिने वरण वाढलं.

"मशीन नाही म्हणतंय."

"मग मशीन बिघडलं असेल."

"माझे तास बरोबर आहेत. सकाळी फिरायला आणि लायब्ररीत जातो तेवढे बरोबर वजा आहेत. मशीन एकाच माणसासाठी बिघडतं का?"

"तुम्हाला काय म्हणायचंय?"

"काही नाही. विचारलं."

ती आत गेली. माझ्या धंद्यात प्रश्नाला प्रश्नाने उत्तर आलं की मी वहीत फुली मारत असे. कुठेतरी पाणी मुरत होतं.

दुसऱ्या दिवशी लायब्ररीत जातो सांगून निघालो आणि समोर चौगुल्यांच्या गॅलरीत जाऊन बसलो. चौगुले एकटेच असतात, गुडघे दुखतात म्हणून बाहेर पडत नाहीत. कॉलनीतल्या चार म्हाताऱ्या माणसांना सुवर्णा दुपारचे डबे करून देते, त्यांतले हे एक. तिचा तेवढाच विरंगुळा. चौगुल्यांनी मला काही विचारलं नाही. सोबत मिळाली म्हणून खूश होते. बारा ते पाच मी माझ्या घराचं दार पाहिलं. डबे न्यायला गाडीवाला आला, दारातून घेऊन गेला. सुवर्णा बाहेर पडली नाही. अडीचच्या सुमाराला वाऱ्यावर लसणाच्या फोडणीचा वास आला.

"वहिनींच्या हाताला चव आहे बरं का," चौगुले म्हणाले.

संध्याकाळी पालिकेच्या पोर्टलवर त्या दिवसाच्या नोंदी उघडल्या. बारा ते पाच: घरात कुणीही नाही. म्हणजे गॅसवर भांडं ठेवून बाई मागच्या दाराने बाहेर. मला तिच्या धाडसाचं नवलच वाटलं.

बुधवारी खात्री करायला दोन वाजता अचानक घरात शिरलो, चपला हातात घेऊन. हॉल रिकामा. बेडरूम रिकामी, चादरसुद्धा मोडलेली नाही. स्वयंपाकघराचं दार लोटलेलं होतं आणि आत एक्झॉस्ट फॅन घरघरत होता. हाक मारली नाही. पहिला नियम. जसा आलो तसाच बाहेर पडलो.

गुरुवारी सकाळी ती आंघोळीला गेली तेव्हा मागच्या उंबऱ्याबाहेर चिमूटभर तांदळाचं पीठ भुरभुरलं. दुपारी बघतो तर पावलं उमटलेली, बाहेर जाणारी. परत आलेलीही होती, पण परत तर ती येतेच, झोपायला. आणि त्याच संध्याकाळी दाराआडून तिचा फोनवरचा आवाज ऐकला. हळू आवाजात बोलत होती. "हो, सोमवारी दोनला या. नाही, ह्यांना नाही सांगितलंय."

बत्तीस वर्षांच्या संसारात मी या बाईवर कधी संशय घेतला नव्हता, आणि तोच आता मला माझा बावळटपणा वाटायला लागला. सगळ्या गावाला शहाणपण शिकवणाऱ्याच्या घरातच हा प्रकार. रागही आला आणि भीतीही वाटली. ती कुणाकडे जाते यापेक्षा तिच्यामुळे घर जातंय, हे मी मनाशी घोळवत राहिलो, कारण तेवढं सहन होण्यासारखं होतं.

घर वाचवायचा एक रस्ता मला माहीत होता. नियम नऊ. मालक घरात राहत नसेल आणि जोडीदार राहत असेल, तर मर्यादा जोडीदाराच्या नावे लावता येते. त्यासाठी मालक राहत नाही असं प्रतिज्ञापत्र लागतं. मी शुक्रवारी ते लिहिलं. सरकारी भाषा माझ्या हातात मुरलेली आहे. 'सदर मालक दुपारी मागील दाराने बाहेर जातात व केवळ निद्रेपुरत्या घरी येतात, असे मी प्रत्यक्ष पाहणीअंती नमूद करतो.' पोर्टलवर अर्ज टाकला, अंगठा लावला. तेवढ्यात सुवर्णाने थालीपीठ आणून ठेवलं. वर लोणी होतं. मी मोबाइल उलटा केला.

सोमवारी मी घरातच थांबलो. बरोबर दोनला बेल वाजली. दार उघडलं तर समोर रेवा ढमढेरे. माझ्या हाताखाली शिकलेली मुलगी, आता माझ्याच खुर्चीवर.

"नमस्कार सर. मालकांनी फेरतपासणीचा अर्ज केला होता, म्हणून आले."

सुवर्णा ओढणीला हात पुसत बाहेर आली. "या. मीच बोलावलं यांना," ती मला म्हणाली. "तुम्हाला सांगितलं नाही. तुमच्या जुन्या ऑफिसात बायकोने तक्रार केली म्हणून तुम्हाला कमीपणा वाटला असता."

मी बसलो. रेवा मात्र बसली नाही. तिने बॅगेतून एक कागद काढला आणि तो माझ्याकडे न देता सुवर्णाकडे दिला.

"काकू, या घरासाठी दुसराही एक अर्ज आलाय. नियमानुसार त्याची प्रत मालकांना द्यावी लागते."

सुवर्णाने चष्मा लावला. तिला वाचायला वेळ लागतो. मी पंख्याकडे पाहत होतो. वाचून झाल्यावर तिने कागदाची नीट घडी घातली.

"आधी तपासणी करून घ्या," ती रेवाला म्हणाली.

रेवाकडे हातात धरायची हुंगणी होती, इस्त्रीएवढी. तिने हॉलमध्ये ती फिरवली. सोफ्यावर मी, खिडकीशी मी, टीव्हीसमोर मी. बेडरूममध्ये आम्ही दोघं, रात्रीपुरते. मग तिने स्वयंपाकघराचं दार ढकललं, आणि तिच्या मागोमाग मी गेलो. किती दिवसांनी गेलो ते आठवत नाही. ओट्याशेजारी एक स्टूल होतं, त्यावर घडी घातलेली जुनी चादर. खिडकीत मोबाइल टेकवायला डबा. मागच्या दाराबाहेर, मोरीशेजारच्या पडवीत, सतरंजी आणि उशी. हुंगणीचा हिरवा दिवा लागला तो विझेचना.

"सुवर्णा खैरमोडे," रेवा पडद्यावरचं वाचत होती. "आज पहाटे पाच चाळीसपासून सलग. कालही. परवाही. काकू, तुम्ही दिवसाला सोळा तास इथेच असता."

"मग? सांगत तर होते," सुवर्णा म्हणाली. "डबे असतात, धुणं असतं. हॉलमध्ये ह्यांचा टीव्ही, ह्यांची दुपारची झोप, ह्यांचे मित्र. दुपारी पाठ टेकते ती पडवीत."

एक्झॉस्ट फॅन घरघरत होता. तिथली हवा तो सरळ बाहेर फेकत होता, आणि हवेबरोबर सुवर्णाही रोज बाहेर फेकली जात होती. हॉलच्या आणि बेडरूमच्या पेट्यांपर्यंत तिचा कणही पोचत नव्हता.

"पण मला एक सांगा," सुवर्णाने विचारलं, "इथे का नाही बसवली पेटी?"

रेवाने माझ्याकडे पाहिलं. "सरांना माहीत आहे."

मला पाठ होतं. नियमावलीचं कलम चौदा. तेलाच्या वाफेने गाळणी चोंदते, असं कंपनीच्या माणसाने सांगितलं होतं. गाळणी दर महिन्याला बदलता येईल, असंही म्हणाला होता, पण त्याला खर्च होता. आम्ही पाच पुरुष होतो समितीवर. वाद मिटवायला मी एक वाक्य सुचवलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. 'स्वयंपाकघर हे वापराचे ठिकाण आहे, वास्तव्याचे नव्हे.' खाली माझी सही. आयुष्यभर प्रत्येक वाक्यावर संशय घेतला, या एका वाक्यावर घ्यायचं सुचलं नाही.

मी ते म्हणून दाखवलं. आवाज आपोआप खाली गेला.

सुवर्णा ओरडली असती तर बरं झालं असतं. ती स्टुलावर बसली आणि घडीचा कागद मांडीवर ठेवून म्हणाली, "चौगुल्यांच्या गॅलरीत बसलात ते मी खिडकीतून पाहिलं होतं. म्हटलं, बसू देत, त्यांनाही सोबत. पीठही दिसलं, मुंग्या होतील म्हणून पुसलं. पण सरकारला लिहून दिलंत की ही घरात राहत नाही. बुधवारी घरात येऊन गेलात ते फटीतून दिसलं, या दाराच्या पलीकडे मी होते. एक हाक मारली असती तर ओ दिली असती."



रेवाने सांगितलं ते असं: स्वयंपाकघरातलं मोजमाप तिला कळतं, पण नियमाला कळत नाही. कलम बदलायचा प्रस्ताव ती पाठवणार होती, त्याला दोन वर्षं तरी लागणार. तोवर एकच मार्ग. मालकाला नव्वद दिवसांची एक फेरमोजणी मागता येते, पेट्या आहेत तिथेच ठेवून. सरासरी बारा तास भरले तर मर्यादा राहील. नाही भरले तर संपलं.

"म्हणजे मी हॉलमध्ये बसायचं," सुवर्णा म्हणाली.

"हो काकू."

"काही न करता?"

"नियमात करण्याबद्दल काही नाही."

सुवर्णाने माझ्याकडे पाहिलं. "आणि डबे? चार माणसं जेवायची आहेत. त्यांतलं एक तर तुमच्या शेजारी बसून माझ्या फोडणीचं कौतुक करत होतं म्हणे."

प्रतिज्ञापत्र मी त्याच दुपारी मागे घेतलं. दुसऱ्या दिवशी पाच चाळीसचा गजर माझ्या उशाशी वाजला.

ते नव्वद दिवस कसे गेले ते विचारू नका. पहिल्या आठवड्यात चौगुल्यांनी डबा परत पाठवला, वर चिठ्ठी: 'वहिनींची तब्येत बरी आहे ना?' कणीक कधी सैल, कधी दगड. एका हाताने पोळी आणि दुसऱ्या हाताने आमटी हे मला साधायचं नाही. हळूहळू साधलं, घरोघरी मातीच्या चुली म्हणत. उकाडा मात्र सवयीचा झाला नाही. ओट्यापाशी पंखा लावता येत नाही, गॅस विझतो, आणि एक्झॉस्ट फॅन लावला तर हॉलमधलं काही ऐकू येत नाही.

आणि हॉलमध्ये काय चाललंय ते मला ऐकायचं असे. सुवर्णा माझ्या खुर्चीत बसायला लागली होती. आधी अवघडून, कडेकडेने, दर दहा मिनिटांनी उठायला बघायची. मीच ओरडायचो, "बस, तास मोडतील." मग ती रेलून बसायला शिकली. मग पाय वर घेऊन. कॉलनीतल्या बायका यायला लागल्या. रेवासुद्धा दोनदा येऊन गेली, कामाशिवाय. त्या हसायच्या, मी फॅन बंद करायचो, आणि मी फॅन बंद केला की त्या हसायच्या थांबायच्या. माझ्याविषयीच बोलत असणार. दुसरं काय असणार? जेवणं उरकली की मी पडवीतल्या सतरंजीवर पाठ टेकत असे. हॉलमध्ये जायला जीव उरत नसे.

एकदा मी चहा घेऊन गेलो तेव्हा तिने मान वर न करता कप घेतला. पुस्तक वाचत होती. मी उभा राहिलो. "काही हवंय का?" तिने विचारलं. मी नाही म्हणालो आणि आत आलो. बत्तीस वर्षांत ती अशी कितीदा उभी राहिली असेल, हे त्या दिवशी मला मोजता आलं नाही.

नव्वद दिवस भरले. एक्याण्णवव्या दिवशी सकाळी सुवर्णाच्या मोबाइलवर निरोप आला. मी झारा हातात घेऊन दारात उभा राहिलो. तिने मोठ्याने वाचलं.

"मालक, सुवर्णा हेमंत खैरमोडे. सरासरी वास्तव्य पंधरा तास चाळीस मिनिटं. घरपट्टीची मर्यादा कायम."

मी दाराच्या चौकटीला टेकलो. घर राहिलं होतं. मला रडू आलं, आणि ते मी लपवलंही नाही.

"थांबा, खाली अजून आहे," ती म्हणाली. चष्मा सरळ केला. "सहनिवासी, हेमंत खैरमोडे. सरासरी वास्तव्य सात तास पाच मिनिटं. सदर व्यक्ती निवासी असल्याचे आढळून येत नाही. ही व्यक्ती या घरात राहते काय? मालकाने तीस दिवसांत होय किंवा नाही, यांपैकी एका चौकोनात खूण करावी. नाही अशी खूण केल्यास नाव कमी करण्यात येईल."

मी हसलो. ती हसली नाही.

"कर ना खूण," मी म्हणालो.

तिने पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, झाऱ्याकडे, घामेजलेल्या शर्टाकडे. तीस वर्षं मी लोकांकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर मी ओळखतो.

"तीस दिवस आहेत," ती म्हणाली. "नीट पाहणी करून मगच काय ते लिहावं. कढई जळतेय, ती बघा आधी." आणि तिने मोबाइल उलटा ठेवला.

आज अकरावा दिवस. डबे आता दोघं मिळून करतो. सकाळी ती आत येते, बारानंतर मी एकटा असतो. ती कुणाला फोन करते, काय ठरवते, मला ठाऊक नाही, आणि विचारायची हिंमत होत नाही. पण रोज दुपारी दोनच्या सुमाराला हॉलमधून तिची हाक येते.

"अहो, आहात ना घरात?"

मी फॅन बंद करतो आणि ओ देतो. तिने ऐकली की नाही, याची खात्री व्हावी म्हणून कधीकधी दोनदा देतो. चौकोन अजून रिकामा आहे.